एकवीस रकाने, वीस मूल्यं आणि ग्रुपवरची फजिती

पत्र :

सप्रेम नमस्कार. मी कराडजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. दर रविवारी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तंत्रज्ञानातल्या एखाद्या बातमीवर चार ओळी लिहिते. गंमत म्हणून सुरू केलं, आता मुलं वाट बघतात. मागच्या महिन्यात क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या जुन्या प्रकरणावर लिहिलं : ‘मायक्रोसॉफ्टच्या अपडेटनं जग बंद पाडलं. फाइलमध्ये नुसती शून्यं होती. नल पॉइंटर तपासला नाही, दुसऱ्या वर्षातल्या पोरानंही अशी चूक केली नसती. लिनक्स असतं तर हे झालंच नसतं.’ पुण्यात नोकरीला असलेला एक सीनियर ग्रुपवर आहे. त्यानं सगळ्यांसमोर लिहिलं, ‘चार वाक्यं, चारही चूक. आधी अभ्यास कर, मग मतं दे.’ खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. मी पोस्ट डिलीट केली.

मी हे बंद करू का? पदवी हातात येईपर्यंत मत द्यायचंच नसतं का? पण प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनमध्ये तर हेच विषय निघतात. येत्या रविवारचा मसुदाही तयार आहे : ‘चीननं क्वांटम संगणकावर आरएसए फोडलं. आता बँकांचं काही खरं नाही.’ टाकू की नको?

— एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

उत्तर :

बंद करू नकोस. रविवारचा मसुदा मात्र थांबव, त्याच्याकडे शेवटी येऊ.

सीनियरचं म्हणणं साडेतीन वाक्यांपुरतं बरोबर आहे. पण ‘आधी अभ्यास कर’ या सल्ल्याचा उपयोग काय? कशाचा, किती, कुठून, यातलं काहीच तो सांगत नाही. क्राउडस्ट्राइकवर मत द्यायला पीएचडी लागत नाही. लागतो तो ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल मोड (सिस्टीमचा गाभा) आणि युजर मोड (त्याबाहेर चालणारे साधे प्रोग्राम) हा धडा, जो तुझा झालेला आहे, आणि एक पीडीएफ वाचायला लागणारा अर्धा तास. तो अर्धा तास राहिला, एवढंच झालं. तुझी चारही वाक्यं उघडून बघू, म्हणजे नेमकं कुठे घसरलं ते दिसेल.

‘मायक्रोसॉफ्टच्या अपडेटनं.’ १९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइकनं आपल्या फाल्कन या सुरक्षा उत्पादनासाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली. या ७८ मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर जाऊन अडकली. यंत्रं विंडोजची, फाइल दुसऱ्याची. गोंधळ होण्यामागे एक कारणही होतं. त्याच पहाटे मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेच्या अमेरिकेतल्या ‘सेंट्रल यूएस’ विभागात वेगळाच बिघाड झाला होता आणि कित्येक बातम्यांनी दोन्हींची एकत्र मोट बांधली. दोन घटनांच्या वेळा शेजारी शेजारी लिहिल्या असत्यास तर मधलं काही तासांचं अंतर तुला लगेच खटकलं असतं. मोठ्या बिघाडाच्या बातमीत पहिलं काम हेच : किती वाजता, कोणत्या टाइम झोनमध्ये. यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साडेपाच तास मिळवायचे आणि मगच पुढचं वाक्य लिहायचं.

‘जग बंद पाडलं’ हेही तपासून घे. ८५ लाख म्हणजे विंडोजवर चालणाऱ्या एकूण यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी. तरी विमानतळ आणि रुग्णालयं का अडकली? कारण असलं महागडं सुरक्षा उत्पादन घेणारे ग्राहकच विमान कंपन्या, रुग्णालयं आणि बँका असतात. आपल्याकडे इंडिगोनं हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की फक्त १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. सरकारी संगणक-जाळं सांभाळणाऱ्या एनआयसीच्या नेटवर्कला धक्का लागला नाही, असं केंद्र सरकारनंही जाहीर केलं. ‘एक टक्क्याहून कमी यंत्रं, पण नेमकी तीच’ हे ‘जग बंद’पेक्षा जास्त रंजक वाक्य आहे, आणि खरंही.

‘फाइलमध्ये नुसती शून्यं होती.’ हे तू स्क्रीनशॉटवरून घेतलंस. तो स्क्रीनशॉट खोटा नव्हता. काही यंत्रांवर खरोखरच शून्यांनी भरलेली फाइल सापडली. पण फाइलसाठी डिस्कवर जागा राखली गेली, मजकूर प्रत्यक्ष लिहिला जायच्या आत यंत्र कोसळलं, तर मागे शून्यंच उरतात. म्हणजे शून्यं हा अपघाताचा परिणाम. तू तो कारण म्हणून मांडलास. कंपनीनं त्याच आठवड्यात खुलासा केला होता की बिघाडाचा या शून्यांशी संबंध नाही.

आता तिसरं वाक्य. इथे जरा थांबू, कारण तुझ्या पोस्टचा जीव याच वाक्यात होता आणि खरी गोष्ट याहून कितीतरी चांगली आहे.

फाल्कनचा एक भाग विंडोजच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर म्हणून चालतो. नवे हल्ले ओळखण्याचे नियम त्याला वेगळ्या ‘चॅनल फाइल’मधून मिळतात. ड्रायव्हर क्वचित बदलतो, नियम मात्र सतत येत असतात. बिघडलेली फाइल होती क्रमांक २९१ ची, नेम्ड पाइपच्या (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या वाटेच्या) गैरवापरावर नजर ठेवणारी. नावाच्या शेवटी डॉट सिस असलं तरी ती ड्रायव्हर नव्हती, नुसता डेटा होता. या जातीच्या नियमाच्या व्याख्येत २१ रकाने होते. पण ड्रायव्हरमधला जो कोड प्रत्यक्ष मूल्यं पुरवायचा, तो पुरवायचा २०. हा फरक फेब्रुवारी २०२४ पासून तसाच होता. मग जुलैपर्यंत काहीच कसं झालं नाही? कारण तोवरच्या प्रत्येक नियमात एकविसाव्या रकान्यात वाइल्डकार्ड होतं, म्हणजे ‘काहीही चालेल’. काहीही चालत असेल तर ते मूल्य कोण वाचायला जातो? चाचण्याही वाइल्डकार्ड ठेवूनच केलेल्या. फाइल बाहेर पाठवण्याआधी ती तपासणारा व्हॅलिडेटर होता, पण त्याचीही समजूत हीच की मूल्यं २१ येणार. १९ जुलैच्या फाइलमध्ये पहिल्यांदाच एकविसाव्या रकान्यात खरीखुरी अट आली. ड्रायव्हर २० जागांच्या ॲरेत (ओळीनं मांडलेल्या मूल्यांच्या यादीत) एकविसावी जागा वाचायला गेला, तिथे जे काही पडलं होतं ते पत्ता समजून त्यानं वापरलं आणि यंत्र आडवं झालं.

म्हणजे हे ॲरेच्या हद्दीबाहेरचं वाचन होतं. नल पॉइंटरची (रिकामा पत्ता वापरल्याची) कहाणी समाजमाध्यमांवर त्याच दिवशी पसरली. कोणीतरी क्रॅश डंपमधला (कोसळताना यंत्रानं ठेवलेल्या नोंदीतला) एक लहानसा पत्ता बघून घाईनं निष्कर्ष काढला, आणि जाणकारांनी एक-दोन दिवसांत तो खोडूनही काढला. तुझ्यापर्यंत पहिली गोष्ट आली, दुसरी आली नाही. नेहमी असंच होतं.

हे वाचून सोडू नकोस, करून बघ. सी मध्ये २० पूर्णांकांचा ॲरे घे, त्यात काहीतरी भर आणि इंडेक्स २० वरची किंमत छाप. (शून्यापासून मोजतो, म्हणून एकविसावी जागा ती इंडेक्स २०.) इंडेक्स थेट न लिहिता स्कॅनएफनं घे, नाहीतर कंपायलर आधीच इशारा देऊन मजा घालवेल. जीसीसी या कंपायलरनं साधं कंपाइल केलंस तर बहुतेक वेळा काहीतरी कचरा आकडा छापून प्रोग्राम गुमान संपेल. आता ‘-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस’ हा पर्याय देऊन पुन्हा कंपाइल कर. आता तो त्याच ओळीवर थांबेल आणि बफर ओव्हरफ्लो म्हणून लांबलचक अहवाल ओतेल. तिसरी पायरी : इंडेक्सला २० ऐवजी एक कोटी दे, सॅनिटायझर काढून टाक. सेगमेंटेशन फॉल्ट. तुझा प्रोग्राम मेला, लॅपटॉप मात्र चालू राहिला. का चालू राहिला हे सांगता आलं की कर्नल मोडमध्ये हेच वाचन सगळं यंत्र का पाडतं तेही सांगता येतं. या तीन रनचे तीन स्क्रीनशॉट हे तुझ्या रविवारच्या पोस्टचं खरं भांडवल. त्यावर कोणी इमोजी टाकला तर टाकू दे.

‘दुसऱ्या वर्षातल्या पोरानंही अशी चूक केली नसती’ हे मात्र परत लिहू नकोस. दुसऱ्या वर्षातलं पोर हीच चूक दर आठवड्याला करतं. इथे बघण्याजोगं हे की ही चूक अडवू शकणाऱ्या चार जागा होत्या. ड्रायव्हरमध्ये हद्दीची तपासणी, चाचणीत एकविसाव्या रकान्यात खरी किंमत, व्हॅलिडेटरमध्ये योग्य संख्या, आणि फाइल आधी थोड्या यंत्रांवर सोडून मग सगळीकडे पाठवणं. चौथी तर डेटा फाइलला लावलीच जात नव्हती. टप्प्याटप्प्यानं जायचा तो ड्रायव्हर. ग्राहकांनी ‘आम्हाला एक आवृत्ती मागे ठेवा’ अशी सेटिंग केली होती, तीही ड्रायव्हरपुरतीच. नियमांची फाइल सगळ्यांना एकदम गेली. यावर तुझं मत हवं! ‘डेटा आहे, कोड नाही, म्हणून सावकाश सोडायची गरज नाही’ हा समज कर्नलमध्ये वाचल्या जाणाऱ्या डेटाला लावावा का? इथे तू ठाम बाजू घेऊ शकतेस आणि कोणी तुला चूक ठरवू शकणार नाही. फार तर वाद घालेल.

वर्गातलं कोणीतरी म्हणेलच की रस्ट या भाषेत लिहिलं असतं तर टळलं असतं. अर्धं खरं. रस्ट हद्दीबाहेरचं वाचू देत नाही, पॅनिक करून थांबतं. पण कर्नलमधलं पॅनिक म्हणजे पुन्हा यंत्र बंदच, कोणी ते सावरून घेणारा कोड लिहिला नसेल तर. कचरा वाचण्याऐवजी स्वच्छपणे कोसळलं असतं, एवढाच फरक.

फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, मग विमानतळ दिवसेंदिवस का रखडले? हा प्रश्न तुझ्या पोस्टमध्ये नव्हता आणि तो असायला हवा होता. यंत्र सुरू होताना ड्रायव्हर लवकर चढतो, वाईट फाइल वाचतो, कोसळतो. पुन्हा सुरू, पुन्हा तेच. नेटवर्कवरून चांगली फाइल आणायला वेळच मिळत नाही. म्हणून माणसानं प्रत्येक यंत्रापाशी जाऊन सेफ मोडमध्ये ते सुरू करायचं, विंडोजच्या ड्रायव्हर्स फोल्डरमधल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरात शिरून २९१ क्रमांकाची फाइल काढायची आणि परत चालू करायचं. दिसायला पाच मिनिटांचं काम. पण डिस्कला बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप लावलेलं असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की टाईप करायची, तीही न चुकता. आणि त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या, तोच निळा पडलेला असेल तर? काही ठिकाणी नेमकं हेच झालं. आता याला विमानतळावर छताजवळ टांगलेल्या पडद्यांच्या संख्येनं गुणून बघ.

उरलं चौथं वाक्य, ‘लिनक्स असतं तर’. त्या दिवशी लिनक्स आणि मॅक यंत्रांना काही झालं नाही, हे खरं. म्हणूनच वर साडेतीन म्हटलं. पण त्याच वर्षी काही लिनक्स यंत्रणांवर याच कंपनीच्या उत्पादनामुळे कर्नल पॅनिक झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा मुद्दा ‘विंडोज की लिनक्स’ हा नाही. बाहेरच्या कंपनीचा कोड कर्नलमध्ये चालू द्यावा का, हा आहे. ॲपलनं २०१९ पासून सुरक्षा उत्पादनांना कर्नलबाहेरचा रस्ता दिला आणि हळूहळू आतलं दार लावत नेलं. मायक्रोसॉफ्टनं त्या घटनेनंतर २००९ च्या युरोपीय आयोगाशी झालेल्या करारनाम्याकडे बोट दाखवलं, की इतर सुरक्षा कंपन्यांना आमच्याइतकाच प्रवेश देणं आम्हाला भाग आहे. ते पूर्ण समर्थन ठरतं का? आमच्या मते नाही. समान प्रवेश म्हणजे कर्नलचाच प्रवेश असं नाही. स्वतःचं सुरक्षा उत्पादनही कर्नलबाहेर काढलं असतं तर समानता टिकलीच असती. तुझं मत वेगळं असू शकतं. उलट बाजूही कच्ची नाही : कर्नलबाहेरच्या सुरक्षा प्रोग्रामला हल्लेखोर सहज बंद पाडू शकतो.

(जाता जाता : ‘एक अमेरिकन विमान कंपनी विंडोज ३.१ वर चालते म्हणून वाचली’ ही गोष्ट अजून फिरते. ती एका थट्टेच्या पोस्टमधून निघाली. टाकू नकोस.)

आता अर्धा तास कसा घालवायचा ते. बातमीच्या जातीनुसार मूळ कागद वेगळा असतो. सेवा कोसळली असेल तर कंपनीचं स्टेटस पान आणि नंतरचा कारणमीमांसेचा अहवाल. क्राउडस्ट्राइकचा प्राथमिक अहवाल २४ जुलैला आला, सविस्तर ६ ऑगस्टला. वर सांगितलेले २१ आणि २० हे आकडे या दुसऱ्यातले आहेत. म्हणून पहिल्या दोन दिवसांत कारणाबद्दल लिहायचंच नाही, परिणामाबद्दल लिहायचं. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीची बातमी असेल तर तिचा सीव्हीई क्रमांक (त्रुटींच्या जाहीर यादीतला) शोध आणि ‘कोणत्या आवृत्त्या’ ही एकच ओळ आधी वाच. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला तेव्हा ‘लिनक्स हॅक झालं’ असे मथळे होते. बाधित आवृत्त्या दोनच : ५.६.० आणि ५.६.१. त्या प्रामुख्यानं फेडोरा आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांच्या चाचणीतल्या आवृत्त्यांत पोचल्या होत्या, डेबियनच्या स्थिर आवृत्तीत नाही. टर्मिनलवर एक्सझेडची आवृत्ती विचारली की दहा सेकंदांत आपल्यापुरतं उत्तर मिळत होतं. आणि तो सापडला कसा? अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दूरच्या यंत्रात शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून. मथळ्यापेक्षा हा अर्धा सेकंद मुलांना जास्त आवडेल.

शोधनिबंधाची बातमी असेल तर सारांश, निकालांचं कोष्टक आणि मर्यादांचा परिच्छेद वाच, बाकीचं पहिल्या फेरीत सोड. चॅटबॉटकडून सारांश घेतलास तर हरकत नाही, पण पोस्टमध्ये जाणारा प्रत्येक आकडा मूळ पीडीएफमध्ये शोधून डोळ्यांनी बघ. सापडला नाही तर तो आकडा पोस्टमधून जाईल.

आकड्याला विचारायचा प्रश्न एकच : हा कशाचा? जानेवारी २०२५ मध्ये ‘डीपसीकनं ५६ लाख डॉलरमध्ये मॉडेल बनवलं’ हे या चिनी एआय कंपनीबद्दल सगळीकडे होतं आणि २७ तारखेला एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात सुमारे १७ टक्के पडला. तो आकडा आला डिसेंबरमधल्या व्ही-३ मॉडेलच्या निबंधातून, गाजलेल्या आर-१ च्या नव्हे. गणित सरळ आहे : २७ लाख ८८ हजार जीपीयू तास, गुणिले तासाला २ डॉलर भाडं धरून, म्हणजे ५५ लाख ७६ हजार डॉलर. भाडं ‘धरून’. आणि त्याच कोष्टकाजवळ लेखकांनी लिहून ठेवलं आहे की आधीचं संशोधन आणि फसलेले प्रयोग यांचा खर्च यात नाही. लग्नाचा खर्च विचारावा आणि समोरच्यानं फक्त जेवणाचं बिल सांगावं, तसं. बिल खरंच असतं. लग्न तेवढ्यात झालं, असं आपणच धरून चालतो.

पोस्टचा साचा बदल. दर वाक्याला ‘हे मी वाचलं’, ‘हा माझा अंदाज’, ‘हे माझं मत’ यातलं कोणतं, ते स्वतःला विचार आणि वाक्यातच दिसू दे. तुझी जुनी पोस्ट अशी होऊ शकते :

‘१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या नियमांच्या फाइलमुळे ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली. कंपनीच्या ६ ऑगस्टच्या अहवालानुसार व्याख्येत २१ रकाने होते आणि कोड २० च मूल्यं देत होता. चाचणीत एकविसावा रकाना कधी वापरलाच गेला नव्हता. माझं मत : कर्नलमध्ये वाचली जाणारी डेटा फाइलही ड्रायव्हरइतकीच सावकाश सोडायला हवी. पण नव्या हल्ल्याचा नियम तासाभरात पोचवायचा असेल तर किती सावकाश, हे मला अजून सुटलेलं नाही.’

शेवटचं वाक्य कमकुवत वाटलं तरी काढू नकोस. ग्रुपवर उत्तरं त्याच वाक्याला येतील.

ग्रुप डिस्कशनमध्येही हेच चालतं, फक्त वेळ कमी असतो. आठ-दहा जणांत पहिली दोन मिनिटं सगळे ‘एआय नोकऱ्या खाणार की नाही’ याच उंचीवरून बोलतात. एक नेमकी घटना, तिची तारीख आणि एक आकडा घेऊन खाली उतरणारा लक्षात राहतो. असे तीन प्रसंग वहीत तयार ठेव. प्रत्येकी अर्धं पान : काय झालं, का झालं, माझं मत, त्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा. दहा नकोत, तोंडात गुंता होतो. आणि कोणी न ऐकलेलं काही सांगितलं तर ‘हे मी वाचलेलं नाही, पण तसं असेल तर माझा मुद्दा बदलतो’ असं म्हणायला अजिबात कचरू नकोस. मुलाखतीतही.

डिलीट करणं मात्र चुकलं. ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यात चूक तशीच राहिली, ज्यांनी पुढे पाठवलं त्यांच्याकडे मजकूरही राहिला. व्हॉट्सॲपवर संदेश १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. त्यानंतर मूळ पोस्टलाच रिप्लाय करून ‘दुरुस्ती’ या शब्दानं सुरुवात कर आणि काय चुकलं ते दोन ओळींत लिही. यावेळी मूळ पोस्ट उरलेली नाही, तेव्हा नवी टाक. त्यात सीनियरचं नाव घेऊन ‘दादा, तुम्ही म्हणालात ते तपासलं, तीन वाक्यं साफ चूक होती, चौथ्याबद्दल मात्र मला असं वाटतं’ असं लिही. टोमणा नको, लोटांगणही नको. त्याला खरंच विषय येत असेल तर तो चौथ्यावर बोलायला येईल. नसेल येत, तर गप्प बसेल.

आता रविवारचा मसुदा. आरएसए म्हणजे दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभं असलेलं कुलूप. त्या गुणाकाराचे अवयव सापडले की ते फुटलं. ही बातमी ऑक्टोबर २०२४ ची. शांघाय विद्यापीठातल्या संशोधकांनी डी-वेव्ह कंपनीच्या क्वांटम ॲनिलिंग या खास जातीच्या यंत्रावर आरएसएच्या धर्तीची एक संख्या फोडली. संख्या किती मोठी? २२ बिट. बँकांच्या संकेतस्थळांवर वापरात असते ती २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी. २२ बिटांतली सर्वांत मोठी संख्या ४१,९४,३०३. तिचं वर्गमूळ २०४८ हून किंचित कमी (हा आकडा आरएसएच्या २०४८ शी जुळतो तो निव्वळ योगायोग). तेव्हा २०४८ च्या आतल्या मूळ संख्यांनी भागत गेलं की झालं. त्या आहेत ३०९. कागद, पेन्सिल आणि एक रिकामी दुपार. साध्या संगणकांनी जाहीरपणे कुठवर मजल मारली आहे तेही शेजारी लिही : फेब्रुवारी २०२० मध्ये ८२९ बिटांची आरएसए-२५० ही संख्या फोडली गेली, सुमारे २७०० कोअर-वर्षं खर्च करून (प्रोसेसरचा एक कोअर वर्षभर चालला की एक कोअर-वर्ष).

पण ‘म्हणजे काळजीच नाही’ असंही लिहू नकोस, ते तितकंच चूक ठरेल. क्वांटम संगणकावर अवयव काढायची शॉरची पद्धत १९९४ पासून कागदावर आहे, अडलं आहे ते यंत्रापाशी. २०४८ बिटांसाठी २०१९ चा अंदाज दोन कोटी क्यूबिटांचा (क्वांटम संगणकाच्या बिटांचा) होता. मे २०२५ मध्ये गूगलच्या क्रेग गिडनी यांनी तो दहा लाखांच्या आत आणला. यंत्र अजून तिथवर आलेलं नाही, पण अंतर दोन्ही बाजूंनी कमी होतंय. म्हणूनच मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम हल्ल्यांना तोंड देणारी पहिली तीन मानकं जाहीर केली. आज चोरून साठवलेला मजकूर पुढे कधीतरी उघडता येईल, ही भीती खरी आहे. बँकेच्या ओटीपीला ती लागू नाही, वीस वर्षं गुप्त राहायला हव्या अशा कागदपत्रांना आहे. ‘आता बँकांचं काही खरं नाही’ हे वाक्य काढ आणि त्या जागी हा फरक लिही.

सोबत एक कोष्टक टाक. सी मध्ये दहा ओळींचा प्रोग्राम : एन ही संख्या घ्यायची, ३ पासून पुढच्या विषम संख्यांनी भागत जायचं, भाग गेला की थांबायचं. चाचणीसाठी जवळपास सारख्या आकाराच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार घे, नाहीतर लहान अवयव लगेच सापडून फसगत होईल. २२, ४०, ५०, ६० बिट, अशा चार नोंदी. २२ ला हजारभर भागाकार, डोळ्याचं पातं लवायच्या आत. ६० ला त्रेपन्न कोटींच्या आसपास, तिथे काही सेकंद लागतील. दर दोन बिटांना वेळ दुप्पट होतो हे कोष्टकातूनच दिसेल, सांगावं लागणार नाही. मोठ्या संख्यांना ही आडदांड पद्धत कोणी वापरत नाही, नंबर फील्ड सीव्ह ही जास्त हुशार पद्धत वापरतात, ही एक ओळ खाली टाक म्हणजे सीनियरला बोलायला जागा उरणार नाही. लूपची अट लिहिताना ‘आय गुणिले आय’ एनशी ताडू नकोस, ६४ बिटांपाशी गुणाकार ओव्हरफ्लो होतो. ‘आय’ हा ‘एन भागिले आय’शी ताड. आणि ६४ च्या पुढे जायची हौस असेल तर अनसाइन्ड लाँग लाँग पुरणार नाही. तिथे पायथन घे आणि लॅपटॉप आधी चार्जिंगला लाव.